पोटॅशची चव

नानाने बोट ओलं केलं, डब्यातल्या मिठाला लावलं, जिभेवर ठेवलं आणि लगेच मोरीत जाऊन थुंकला.

"ताई, हे पोटॅश आहे."

रात्रीचे साडेदहा वाजले होते. माय जळगावला दवाखान्यात, काचेच्या खोलीत. आम्ही दोघं भाऊबहीण तिचे कपडे आणि जुने रिपोर्ट घ्यायला तापी ओलांडून गावाकडे आलो होतो. निघताना डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला होता: घरात मीठ कोणतं वापरता? त्यासाठीच तो डबा आम्ही ओट्यावर काढला होता.

नाना पंचवीस वर्षं केळी करतो. खताची गोणी फोडताना हाताला लागलेलं खत भाकरीबरोबर कधी ना कधी तोंडात जातंच. आधी खारट आणि मागून घशाशी रेंगाळणारी कडवट चव, ती त्याला पाठ आहे. मी चष्मा लावून डबा दिव्याखाली धरला. पुढच्या बाजूला डोंगराचं चित्र, 'नैसर्गिक खनिजांनी समृद्ध', 'रक्तदाब असणाऱ्यांसाठी उत्तम'. मागच्या बाजूला, किमतीच्या पट्टीखाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत: सोडियम क्लोराईड ६० टक्के, पोटॅशियम क्लोराईड ४० टक्के. नाना ज्याला पोटॅश म्हणतो, गोणीवर ज्याला म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणतात, ते पोटॅशियम क्लोराईडच. गोणीतलं तांबूस, डब्यातलं शुद्ध केलेलं पांढरं, पण मीठ तेच.

मी शाळेत विज्ञान शिकवते. तो डबा चार महिने आमच्या ओट्यावर होता आणि मी दर शनिवारी त्याच ओट्यावर चहा करत होते. मागची बाजू मी एकदाही वाचली नव्हती. हे लिहायला मला वर्ष लागलं.

मायचं हे खनिजांचं वेड त्या डब्यापासून सुरू झालं नाही. आबा गेले त्यानंतर तिचे गुडघे दुखायला लागले. कुणीतरी सांगितलं, गव्हाच्या दाण्याएवढा चुना दह्यातून रोज घ्या, हाडं लोखंडासारखी होतील. आमच्या चोपडा तालुक्यात हा चुना इतका पसरला आहे की लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यावर बोलणं निघतं. मी नको म्हटलं की माय म्हणायची, "माले बरं वाटस, मंग तुले काय?"

शेवटी मी एक दिवस प्रयोगशाळेच्या तराजूत गव्हाचे शंभर दाणे मोजले. चार ग्रॅमच्या आसपास भरले, म्हणजे एक दाणा चाळीस मिलिग्रॅमचा. खायच्या चुन्यात पाणी बरंच असतं. पण धरून चालू की तो अगदी कोरडा, शुद्ध चुना आहे, तरी त्यात निम्म्याहून थोडं जास्त कॅल्शियम, म्हणजे फार तर वीस-पंचवीस मिलिग्रॅम. ओला धरला तर त्याच्याही निम्मं. मोठ्या माणसाला दिवसाला १००० मिलिग्रॅम लागतं असं आयसीएमआरची, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची, २०२० ची शिफारस सांगते. कपभर गाईच्या दुधात १८० च्या आसपास मिळतं, शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशेच्या वर. तो दाणा दह्यात कालवून घ्यायची, तर त्या वाटीभर दह्यातच चुन्यापेक्षा कितीतरी जास्त कॅल्शियम होतं. मायला जे बरं वाटत होतं ते दह्यानं की दुपारच्या झोपेनं, कोण जाणे. चुना मात्र जहाल अल्कली आहे. चुन्याची पुडी दाबताना फुटली आणि लहान पोराच्या डोळ्यात उडाली तर बुबुळ भाजतं, दृष्टी जाऊ शकते. ज्या घरात नातवंडं रांगतात त्या घरात ती पुडी खुंटीवरच्या पिशवीत लोंबकळत असते.

माझा हिशोब मायने ऐकला, मान डोलावली आणि चुना चालू ठेवला. त्यानं काही बिघडलं नाही हेही खरं. मला आता वाटतं, तिथंच माझा धाक गेला. मी एका निरुपद्रवी प्रमाणाच्या गोष्टीवर सहा महिने भांडले आणि खरी गोष्ट घरात आली तेव्हा तिच्याकडे मी पाहिलंच नाही.

तो डबा आणला आमच्याच गावातल्या एका काकूंनी. त्या एका कंपनीचं सामान घरोघर देतात. मीठ, थेंब, शिलाजीतच्या डब्या, पाण्यात टाकायची खनिजं. त्यांच्या मनात पाप नव्हतं, त्या स्वतः तेच मीठ खात होत्या. त्यांचं म्हणणं एवढंच, "जमिनीतच आता काही राहिलं नाही बाई, मग भाजीपाल्यात कुठून येणार?" केळीवाल्या घरात हे वाक्य लगेच पटतं, कारण ते निम्मं खरं आहे. आमच्या काळ्या, चुनखडी असलेल्या जमिनीत लोह असतं, पण झाडाला घेता येत नाही. जस्ताचीही तीच गत. कोवळं पान पिवळं पडतं, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे मायने स्वतः बागेत पाहिलेलं. झाडाला जे होतं ते माणसाला का नाही होणार?

तिचं वय त्र्याहत्तर. रक्तदाबाची टेल्मीसार्टनची गोळी पाच वर्षांपासून चालू. दोन वर्षांपूर्वी तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडाचं काम मंदावलं की रक्तात वाढतं ते, थोडं वाढलेलं दिसलं होतं, त्यावर पाणी जास्त पी एवढंच बोलणं झालं आणि तो कागद कपाटात गेला. नवं मीठ तिला अळणी लागायचं म्हणून ती भाजीत वरून अजून घालायची, ताकात घालायची, भरतावर भुरभुरायची. "चांगलंच आहे ना ते," असं म्हणून.

पौष महिन्यात तिचे पाय जड झाले. अंगणातून ओट्यावर चढता येईना. "मना पायमा जीवच नही राहिना," ती म्हणाली आणि हसलीसुद्धा. दुसऱ्या दिवशी नाडी मंद लागली तेव्हा नानाने गाडी काढली.

जळगावला तिच्या छातीला तारा लावल्या, ईसीजीची पट्टी निघाली आणि ती पाहून डॉक्टर खुर्चीतून उठले. लाटा तंबूच्या टोकासारख्या उंच आणि टोकदार झाल्या होत्या. रक्तात पोटॅशियम ६.८. पाच-सव्वापाचच्या आत असायला हवं. त्यांनी पहिल्यांदा शिरेतून सावकाश जे दिलं ते कॅल्शियम होतं, कॅल्शियम ग्लुकोनेट. मग ग्लुकोज आणि इन्सुलिन. नंतर त्यांनी मला समजावलं: कॅल्शियमने पोटॅशियम कमी होत नाही, ते हृदयाच्या स्नायूला थोडा वेळ सावरून धरतं. तेवढ्या वेळात इन्सुलिन पोटॅशियमला रक्तातून पेशींच्या आत ढकलतं. शरीराबाहेर काढायचं काम मग मूत्रपिंडाचं, ते जमलं नाही तर डायलिसिस. मायच्या हाडांसाठी ज्या कॅल्शियमवरून आम्ही इतके महिने वाद घातला ते त्या रात्री, नेमक्या मापात, नेमक्या वेळी, तिच्या हृदयाला धरून उभं राहिलं. दंडाची ती निळी शीर आणि पांढऱ्या सिरिंजचा एक-एक रेषेने पुढे सरकणारा दट्ट्या मला अजून दिसतो. परिचारिका घड्याळाकडे बघत होती आणि मी पट्टीकडे.

घरी जाऊन आल्यावर मी वहीत हिशोब मांडला. पोटॅशियम क्लोराईडमध्ये वजनाने ५२ टक्के पोटॅशियम असतं. एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम त्या मिठात दोन ग्रॅम पोटॅशियम क्लोराईड, म्हणजे एक ग्रॅमहून किंचित जास्त पोटॅशियम. केळ्याच्या शंभर ग्रॅम गरात साडेतीनशे मिलिग्रॅम धरलं तर एका चमच्यात तीन केळी. माय दिवसाला दोन चमचे तरी खात असणार. सहा केळी, रोज, शिवाय खाल्लेली केळी वेगळीच. धडधाकट माणसाची मूत्रपिंडं हे सगळं लघवीवाटे काढून टाकतात, काही बिघडत नाही. तिची दमलेली होती. त्यात टेल्मीसार्टन पोटॅशियम पुरतं बाहेर जाऊ देत नाही, तो त्या औषधाचा ठाऊक असलेला गुण आहे. तीन गोष्टी एकत्र आल्या. एकेकटी कुठलीच विष नव्हती.

ज्या मिठाने माझ्या आईचं हृदय थांबायच्या वाटेवर नेलं, तसल्याच मिठाने चीनमधल्या खेड्यांत माणसं वाचली आहेत. तिथे ६०० खेड्यांतल्या जवळजवळ २१,००० लोकांवर सुमारे पाच वर्षं अभ्यास झाला, २०२१ मध्ये तो छापून आला. बहुतेकांना आधी पक्षाघात होऊन गेलेला, बाकीचे वयस्क आणि रक्तदाबाचे. निम्म्या खेड्यांना साधं मीठ, निम्म्यांना पाव हिस्सा पोटॅशियम क्लोराईड असलेलं. बदललेल्या मिठाच्या खेड्यांत पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले, मृत्यूही कमी झाले. पण ज्यांच्या मूत्रपिंडाचा गंभीर आजार ठाऊक होता त्यांना त्यात घेतलंच नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२५ मध्ये अशा मिठाची शिफारस केली तेव्हाही मूत्रपिंड अधू असलेले, गरोदर बाया आणि मुलं यांना वगळलं. आमच्या डब्यावर हे एक वाक्य असतं तर? डोंगराच्या चित्राला जेवढी जागा दिली त्याच्या दहाव्या हिश्श्यात ते मावलं असतं.

नानाचा राग मात्र सरसकट होता. माय घरी आली त्या आठवड्यात त्याने चुन्याची पुडी, वहिनीच्या कॅल्शियमच्या गोळ्या, स्वतःची शिलाजीतची डबी, सगळं एका पिशवीत भरलं. "माणसाने भाकरी खावी, भाजी खावी. बाकी सगळा धंदा आहे." मला त्याचा राग कळत होता, पण ती पिशवी मी त्याच्या हातातून घेतली. वहिनीच्या गोळ्या तिच्या डॉक्टरांनी तपासून दिलेल्या होत्या. आणि मी स्वतः शाळेत दर सोमवारी मुलींना लोहाच्या निळ्या गोळ्या देते, पोटभर जेवण झाल्यावर, माझ्यासमोर गिळायला लावून. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायांमध्ये रक्त कमी आढळलं. हा आकडा मला कागदावर वाचावा लागत नाही, प्रार्थनेच्या रांगेत दिसतो. खालची पापणी ओढली की आत गुलाबीऐवजी पांढरट कातडी. मैदानाला एक फेरी मारली की बसणाऱ्या मुली. त्यांना नुसतं पालक खा म्हणून सांगणं मला क्रूरपणाचं वाटतं. पालकातलं लोह अंगी फार थोडं लागतं, आणि मुळात घरात भाजी किती शिजते आणि मुलीच्या ताटात किती येते? गोळीने त्यांची पापणी रंग धरते. हे मी वर्षानुवर्षं पाहिलं आहे.

त्याच रांगेत एक पावरा मुलगी होती, सातपुड्यातल्या पाड्यावरची, मामाकडे राहून शिकणारी. गोळ्या घेऊनही तिचा रंग सुधारेना. डोळे पिवळसर, थंडीत हातपाय इतके दुखायचे की बाकावर डोकं ठेवून रडायची. प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासलं, पुढे पाठवलं, सिकलसेल निघाला. सातपुड्याच्या पट्ट्यात हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिच्या रक्तपेशी लवकर फुटतात, लोह शरीरातच राहतं, आणि रक्त चढवावं लागलं की प्रत्येक बाटलीबरोबर ते वाढतं. तिला फॉलिक अॅसिड हवं. लोह मात्र साठा मोजून, खरोखर कमी असेल तरच. रांग एक, पापणीचा रंग एक, आणि एकीला जी गोळी तारते ती दुसरीला मोजल्याशिवाय द्यायची नाही. तेव्हापासून गोळ्यांची वही भरताना माझा हात तिच्या नावाशी थांबतो.

लोहाच्या गोळ्यांचं आणखी एक सांगते, कारण घरोघर ते दिसतं. गरोदर बाईच्या लाल गोळ्यांचं पाकीट खाटेवर पडलेलं असतं, आणि दोन वर्षांचं पोर त्या चकचकीत गोळ्या पेपरमिंट समजून खातं. मूठभर गोळ्या लेकराचा जीव घ्यायला पुरतात. त्या उंच फळीवर ठेवा.

शिलाजीत आणि भस्मांविषयी मी बोलायला गेले ते आमच्या ओळखीच्या वैद्यबुवांकडे. मला वाटलं होतं ते बाजू घेतील. ते माझ्यापेक्षा जास्त चिडलेले होते. त्यांनी शिलाजीत त्रिफळ्याच्या काढ्यात घोळवून, गाळून, उन्हात वरची साय पुन्हापुन्हा काढून कसं शुद्ध करतात ते सांगितलं. हा सगळा खटाटोप कशासाठी, तर खडकातून पाझरलेल्या त्या कच्च्या मालात माती, बुरशी, जड धातू काहीही असू शकतं म्हणून. मग त्यांनी एका बाटलीतलं चिमूटभर भस्म पाण्याच्या वाटीवर टाकलं. ते तरंगलं. "वारितर," ते म्हणाले. दुसरी चिमूट माझ्या अंगठ्यावर चोळली, ती ठशाच्या रेषांमध्ये जाऊन बसली आणि पुसली तरी निघेना. "रेखापूर्ण." कच्चं राहिलेलं भस्म विष आहे असं त्यांचे ग्रंथच सांगतात, आणि बसस्टँडवर चादर पसरून बसलेल्याकडे ना पुटं द्यायला, म्हणजे पुन्हापुन्हा भाजायला, भट्टी असते ना वेळ.

मी त्यांना बॉस्टनची गोष्ट काढली. २००४ साली तिथल्या दुकानांमधून घेतलेली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक सापडलं. ते क्षणभर गप्प बसले. मग म्हणाले, "त्यातलं काही मुद्दाम घातलेलं असेल, काही घाणीतून आलेलं. पेशंटला दोन्हींतला फरक कळत नाही, म्हणून त्याने न विचारता घेऊ नये." शिशाची सुरक्षित पातळी जागतिक आरोग्य संघटनेला अजून सापडलेली नाही, हे मी म्हटलं. त्यावर आमचं एकमत झालं नाही. नाग भस्मावर, म्हणजे शिशाच्या भस्मावर, त्यांचा विश्वास आहे, माझा नाही. चहा मात्र दोनदा झाला.

निघताना त्यांनीच पितळेची आठवण काढली. पूर्वी आपल्याकडे लहान मुलांचं यकृत दगडासारखं व्हायचं आणि मूल जायचं. १९८० च्या दशकात पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. शीला भावे, डॉ. आनंद पंडित आणि ब्रिटनचे डॉ. टॅनर यांनी शोधलं, की बिनकल्हईच्या पितळी-तांब्याच्या भांड्यात तापवलेल्या, ठेवलेल्या दुधात तांबं उतरतं आणि ते तान्ह्या मुलांच्या यकृतात साठतं. घरोघर स्टील आलं आणि तो आजार जवळजवळ दिसेनासा झाला. माझ्या आजीची दोन मुलं अशी पोट फुगून गेली होती. तिने त्याला दृष्ट म्हटलं. कारण तेच होतं का, हे आता कोण सांगणार? पण तिच्या पितळी पातेल्याचा आतला लालसर, कल्हई उडालेला तळ मला आठवतो, आणि त्यातलं साय धरलेलं दूधही.

या सगळ्या वादात मला खरं उत्तर मिळालं ते नानाच्या बागेत, आणि त्याला ते ठाऊक होतं. मृगबाग, म्हणजे पावसाळ्याच्या तोंडावरची केळी, लावण्याआधी तो माती तपासतो. शेतात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी व्हीच्या आकाराचा वीतभर खड्डा, खड्ड्याच्या कडेची वरपासून खालपर्यंतची माती. बांधाजवळची नाही, झाडाखालची नाही, उकिरड्याच्या जागेची नाही. सगळी एका गोणपाटावर मिसळून तिचे चार भाग, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे, उरलेले पुन्हा मिसळून पुन्हा चार, असं करत अर्धा किलो उरेपर्यंत. चिठ्ठी घालून ती पिशवी जळगावला. रिपोर्ट आल्याशिवाय तो जस्त टाकत नाही, कारण स्फुरद (फॉस्फरस) जास्त झालं तर जस्त अडतं, पालाश (पोटॅशच) जास्त झालं तर मॅग्नेशियम अडतं. झाडाला जादा काही घातलं की दुसरं काहीतरी उपाशी राहतं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. शरीरातही तेच: जस्ताच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाल्ल्या तर तांबं कमी पडतं, कॅल्शियम आणि लोहाची गोळी एकत्र घेतली तर लोह कमी शोषलं जातं.

मी त्याला गोणपाटाजवळ बसून म्हटलं, "नाना, मायची माती आपण कधी तपासली?"

तो मातीचे भाग करत होता. हात थांबला. "दोन वर्षांपूर्वीचा रिपोर्ट होता ना कपाटात," तो म्हणाला. मग बराच वेळ कोणीच काही बोललं नाही.

डब्यात उरलेलं मीठ बागेत टाकू का, असं पोराने विचारलं तर नाना नको म्हणाला, त्यात साधं मीठही आहे, जमीन खराब होईल. मी तो डबा घेऊन काकूंकडे गेले. मागची बाजू त्यांना वाचून दाखवली, मायचा रिपोर्ट दाखवला. त्या भांडतील असं वाटलं होतं. त्यांचा चेहरा उतरला. त्यांच्या यजमानांना वीस वर्षांपासून साखर आहे, तिनेही मूत्रपिंडं दमू शकतात, आणि घरात तेच मीठ होतं. दुसऱ्या दिवशी त्या त्यांना घेऊन चोपड्याला रक्त तपासायला गेल्या.

मायचं पोटॅशियम आता ४.७ आहे. दर तीन महिन्यांनी तपासतो. बटाटा चिरून, उकळून, पाणी टाकून देऊन मगच भाजीत. गोळी बदलली. घरात साधं आयोडीनचं मीठ, तेही मोजून. आणि केळं एका दिवसाआड अर्धं, असं डॉक्टरांनी सांगितलं आहे. जिने सगळं आयुष्य केळीची पिलं कापण्यात आणि घड वाहण्यात घालवलं, जिच्या घरात केळं कधी मोजून खाल्लं गेलं नाही, तिला.

परवा बागेतली पहिली फणी पिकली. नानाने ती तिच्यापुढे ठेवली. मायने एक केळं तोडलं, नखाने मधोमध खूण केली, तिथवरच साल उतरवली आणि सावकाश खाल्लं. मग उरलेल्या अर्ध्यावर साल वर ओढली आणि ते माझ्याकडे सरकवलं.

"बाकीनं तू खाय," ती म्हणाली.